नव्या दारांना जुन्या सागवानी दारांचा रंग: डब्यावरचं शेडचं नाव कामाला येत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातलं १९८६ सालचं घर. आतली सहाही दारं सागवानी, पॅनेलची, जुन्या तांबूस-तपकिरी पॉलिशची. आता हॉलला लागून एक खोली आणि एक बाथरूम वाढवलं, त्यासाठी दोन नवी सागवानी दारं करून घेतली. पॉलिशवाल्याने डब्यातली ‘टीक’ शेड मारली आणि वर मॅट (बिनचकाकीचं) मेलामाइन पॉलिश चढवलं. जुन्या दारांच्या शेजारी ही दोन पिवळी दिसतात. पॉलिशवाला म्हणतो, वर्षभरात आपोआप सारखी होतील. थांबायचं नसेल तर जुनी सहाही खरवडून सगळ्यांना एकच शेड मारू. यातलं खरं किती, आणि नवी दारं आहेत तशी ठेवून काही करता येईल का?

आधी दोन्हींची उत्तरं देऊन टाकतो. आपोआप सारखी होणार नाहीत. आणि जुनी दारं खरवडू नका.

पॉलिशवाला अगदीच थाप मारत नाहीये. ताजं रंधलेलं सागवान एका रंगाचं कधीच नसतं. कुठे हिरवट झाक, कुठे काळसर रेघ, कुठे फिकट सोनेरी. उजेड लागला की काही आठवड्यांत हिरवटपणा जातो आणि लाकूड सोनेरी-तपकिरीवर स्थिरावतं. वर पॉलिश असलं तरी हे होतं, जरा हळू होतं इतकंच. म्हणजे तुमची नवी दारं वर्षभराने आजच्यापेक्षा थोडी गडद आणि जास्त एकसारखी नक्की होतील. पण जुन्या दारांत जी लाली आहे, ती उजेडाने आलेली नाही. ती माणसाने घातलेली आहे. त्या काळी चपडी (लाखेच्या पापड्या) स्पिरिटमध्ये विरघळवून लाखेचं पॉलिश करायचे, आणि त्याआधी खडूची पावडर, पेवडी (पिवळी माती), गेरू, थोडं बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) असं कालवून लाकडाच्या रेषांत चोळून भरायचे. चपडीऐवजी बटण लाख वापरली असेल तर लाली आणखी वाढायची. पुढे चाळीस वर्षं उदबत्तीचा धूर, हातांचं तेल, दर काही वर्षांनी दिवाळीआधी मारलेला पॉलिशचा आणखी एक हात. हे सगळं नव्या लाकडात आपोआप कुठून येणार?

म्हणूनच जुन्या दाराचा रंग हा एक रंग नाही, तीन आहेत. खाली लाकडाचा सोनेरी, रेषांमध्ये भरलेला काळसर-तांबडा, आणि सगळ्यावर लाखेचा मधासारखा पारदर्शक थर. शेडकार्ड घेऊन दाराशेजारी उभं राहिलं की डोळा या तिन्हींची सरासरी काढतो आणि ‘महोगनी’ किंवा ‘वॉलनट’ अशा एखाद्या चौकोनावर बोट ठेवतो. ती सरासरी एकाच हातात नव्या लाकडावर मारली की लांबून ठीक वाटतं. जवळ गेलं की दार रंगवल्यासारखं मठ्ठ दिसतं, कारण आतून येणारं सोनेरी गायब झालेलं असतं. रंग ज्या क्रमाने जुन्या दारावर चढला त्याच क्रमाने नव्यावर चढवायचा. आधी तळाचा फिका सोनेरी जुळवायचा, मग रेषा, मग वरची झाक. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे.

खरवडायला नको म्हणतो ते एवढ्यासाठी की तुम्हाला जो रंग आवडतोय तो त्या थरांतच आहे. तो काढला की खाली निघणारं सागवान फिकं असेल, आणि मग सहा जुनी अधिक दोन नवी अशा आठ दारांना डब्यातला एकच रंग बसेल. कंत्राटदाराला ते सोपं आणि बिलही मोठं. शिवाय पॅनेलच्या गोलट्यांमध्ये (कडेच्या गोलाकार पट्ट्यांमध्ये) मशीन जात नाही, हाताने घासताना कोपरे बोथट होतात. जुनं पॉलिश सुटत असेल, पांढरं पडलं असेल, तरच त्या वाटेला जावं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तुमची जुनी दारं शाबूत दिसतायत.

आता काम. सुरुवात नव्या दारांपासून नाही, जुन्यापासून करायची. वरच्या कडेवर किंवा बिजागरीच्या बाजूच्या कडेवर, जिथे कुणी बघत नाही तिथे, कापसाने स्पिरिटचा थेंब लावा आणि मिनिटभर थांबून बोट टेकवा. चिकट लागलं तर लाख आहे. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने मऊ पडलं तर लॅकर, म्हणजे थिनरमध्ये विरघळणारं पॉलिश. दोन्हींनी काही फरक नाही तर कुणीतरी मधल्या काळात मेलामाइन किंवा पीयूचा (पॉलियुरेथेन पॉलिशचा) हात मारलाय. १९८६ची दारं असतील तर बहुतेक लाखच निघेल.

हे समजलं की जुनी दारं धुवून घ्या. पाणी ओतून नाही. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, फडकं घट्ट पिळून पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं. लाखेला पाणी मुरू दिलं की पांढरे डाग पडतात. स्वयंपाकघराजवळच्या दारावर तेलाचा राप असेल तर टर्पेंटाइनचं फडकं. स्पिरिटचं फडकं मात्र मारू नका, पॉलिशच निघून येईल. कडीच्या आसपास तळहाताएवढा काळा पट्टा असतो तो तर जवळजवळ सगळ्या घरांत मळच असतो. हे सगळं आधी करायचं कारण असं की दार धुतल्यावर चांगलंच उजळतं. मळक्या दाराला रंग जुळवला आणि पुढच्या दिवाळीला कुणी दार स्वच्छ पुसलं की तुमची नवी दारं जुन्यांपेक्षा काळी.

यानंतर नव्या दाराची एक फुकटची परीक्षा. ओलं फडकं नव्या दारावर फिरवा आणि ओलं आहे तोवर हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा. रंग एकदम खोल आणि जुन्याच्या जवळ गेला तर तुमचा निम्मा दोष शेडचा नसून मॅटचा आहे. मॅट थरात प्रकाश विखुरतो, रंगावर दुधी झाक येते आणि तोच रंग फिका वाटतो. जुन्या लाखेच्या दाराला मंद चकाकी असते: ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसतं, पण कडा धूसर. नव्या दाराचा शेवटचा हात त्या चकाकीचा हवा, म्हणजे सॅटिन किंवा सेमी-ग्लॉस. ओल्या फडक्याने फरक पडला नाही, किंवा पडूनही दार पिवळंच राहिलं, तर रंगाचं काम करावं लागेल. फोटोवरून मला वाटतं, तुमच्याकडे दोन्ही आहे.

चांगली बातमी अशी की तुम्हाला पिवळ्याकडून तांबूस-तपकिरीकडे जायचंय, म्हणजे भर घालायची आहे. उलटं असतं, नवी दारं जुन्यांपेक्षा गडद झाली असती, तर सगळं काढून लाकडापर्यंत जाण्यावाचून इलाज नव्हता. तुमच्या बाबतीत आत्ताचा पिवळा हाच तळाचा रंग धरायचा आणि त्याच्यावर पुढचे थर चढवायचे.

मेलामाइन एकदा पक्कं झालं की थिनरने विरघळत नाही. त्यामुळे नवा थर त्यात मिसळत नाही, त्याला फक्त पकड मिळायला हवी. ३२० नंबरच्या पेपरने, रेषांच्या दिशेने, उरलीसुरली चकाकी मरेपर्यंत हलक्या हाताने घासायचं. गोलट्यांच्या कडांवर पेपर जोरात फिरला की खालची शेड उडते आणि तिथे पांढरी रेघ उघडी पडते. तिथे पेपर बोटावर घेऊन नुसता फिरवायचा. धूळ ब्रशने आणि मग थिनरच्या जेमतेम ओल्या फडक्याने काढायची. वरच्या कडेवर आधी पुढचा सगळा थर चढवून बघा. दोन दिवसांनी तिथे ब्लेडने उभ्या-आडव्या बारीक रेघा मारून चिकटपट्टी दाबून ओढायची. पट्टीबरोबर कपचे आले तर पकड नाही. खाली मेलामाइन असेल तर वरही मेलामाइनच आणि शक्यतो त्याच कंपनीचं घ्या. मेलामाइनमधलं आम्ल आणि पीयूचं हार्डनर यांचं नेहमी पटतंच असं नाही.

रंगाचे दोन थर. पहिला रेषांचा. बर्न्ट अंबर आणि थोडा तांबडा असा पिगमेंटचा (न विरघळणाऱ्या रंगाच्या भुकटीचा) पातळ रंग फडक्याने सगळीकडे चोळायचा आणि लगेच स्वच्छ फडक्याने पुसून घ्यायचा. गोलट्यांच्या खाचेत आणि पॅनेलच्या कोपऱ्यांत जो थोडा राहतो तो राहू द्या, जुन्या दारांवर तिथेच काळोख साचलेला असतो. या एका हातानेच नवं दार बरंच वयस्कर दिसायला लागतं. दुसरा थर झाकेचा: पातळ केलेल्या मेलामाइनमध्ये रंग मिसळून स्प्रे गनने फवारायचा. हा ब्रशने मारू नका, पट्टे उठतात. एकदम गडद नको. फिके दोन-तीन फवारे, प्रत्येकानंतर थांबून बघायचं. गडद करणं कधीही हातात असतं, फिकं करायला पुन्हा घासावं लागतं. जुन्या दाराच्या किंचित अलीकडे, म्हणजे जरा फिकं असतानाच थांबा. वरचा सॅटिनचा हात आणखी खोली देतो आणि लाकूड स्वतः वर्षभरात थोडं पुढे जाणारच आहे.

झाकेत काय घालायचं, यात सगळे फसतात. दार पिवळं दिसतंय म्हणून लाल घालावा असं पटकन सुचतं. पिवळ्यावर नुसता लाल गेला की दार नारिंगी होतं, आणि नारिंगी सागवान फार वाईट दिसतं. त्याला खाली आणायला काळ्याचे थेंब लागतात. पण काळा जास्त झाला आणि लाल कमी पडला तर पिवळ्यावर तो हिरवट दिसतो. म्हणून आधी लाल, बघा. मग काळा थेंबाथेंबाने, बघा. हिरवट वाटलं तर पुन्हा थोडा लाल. मोजायला सुई काढलेली इंजेक्शनची सिरिंज घ्या आणि प्रत्येक वेळी किती मिलिलिटर गेलं ते लिहून ठेवा. डोळ्याच्या अंदाजाने केलेली शेड दुसऱ्यांदा जमत नाही. सात बाय तीनचं दार म्हणजे एका बाजूला २१ चौरस फूट. दोन दारांच्या दोन्ही बाजू मिळून ८४, शिवाय कडा. एवढ्याला पुरून उरेल इतका रंग एकाच भांड्यात एकदाच कालवा. शेवटच्या पॅनेलला रंग संपला तर तेवढंच पॅनेल वेगळं दिसेल.

हे सगळं थेट दारावर करायचं नाही, हे सांगायला हवं. सुताराकडे याच सागवानाचा तुकडा उरला असेल तर तो मागून घ्या, हातभर लांबीचा. त्यावर तुमच्या दारावर जे झालंय ते सगळं करून घ्या, तीच ‘टीक’ शेड, तेच मॅट मेलामाइन. मग पुढचा प्रत्येक थर चढवताना चार बोटं जागा मागे सोडत जा. शेवटी त्या एका तुकड्यावर सगळे टप्पे ओळीने दिसतात आणि कुठे जास्त झालं ते लगेच कळतं. मागच्या बाजूला पेन्सिलने माप लिहा. तुकडा मेजावर आडवा ठेवून जुळवू नका. दाराच्या जागी, उभा, दाराच्या उंचीवर धरा, कारण सागवानाच्या रेषा उजेडाच्या दिशेप्रमाणे कधी उजळतात, कधी काळ्या पडतात. सकाळी खिडकीच्या उजेडात बघा आणि रात्री घरचे दिवे लावून पुन्हा बघा. वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनवलेले दोन तपकिरी दिवसा हुबेहूब दिसतात आणि पिवळ्या एलईडीखाली एक तांबडा, एक करडा होतो. दोन्ही उजेडांत चालेल असं काही सापडलं नाही तर तुम्ही हॉलमध्ये बहुतेक कधी बसता, त्या वेळचा उजेड खरा धरा. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन थेट दारावर येत असेल तर डायचा (पूर्ण विरघळून लाकडात मुरणारा) रंग टाळून पिगमेंटवर भर द्या. साधा डाय उन्हात उडतो आणि दोन वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा पडेल.

चौकटींचं काय? तुम्ही त्यांच्याबद्दल काही लिहिलं नाही, पण फोटोत नव्या चौकटी दारांपेक्षा जास्त लाल आहेत. म्हणजे त्या बहुतेक सागवानी नाहीत, दुसऱ्या लाकडाच्या असाव्यात. हल्ली तसंच करतात. त्यांच्यासाठी झाकेतला लाल कमी करून वेगळं भांडं कालवावं लागेल. दाराचाच रंग चौकटीला मारला तर ती काळी-लाल होईल.

हा खटाटोप सुरू करण्याआधी एक टेप घेऊन जुनी दारं मोजा. हॉलमध्ये उभं राहिलं की कुठली दारं एका नजरेत येतात? रंगाचा फरक खटकतो तो एकाच भिंतीवर शेजारी-शेजारी असलेल्या दारांत. कोपरा वळून गेल्यावर दिसणाऱ्या दाराला डोळा बरीच सूट देतो. तुमच्या नव्या खोलीच्या दाराचं माप आतल्या एखाद्या बेडरूमच्या दाराशी जुळत असेल तर अदलाबदल करा: जुनं दार हॉलकडे आणा, नवं आत पाठवा. बिजागऱ्यांच्या जागा आणि दार डावं की उजवं हे बघावं लागेल. अर्ध्या इंचाचा फरक सुतार लिपिंग (कडेला चिकटवलेली लाकडी पट्टी) लावून किंवा रंधून भागवतो. रंगाचं काम तरीही करायचं, पण मग ते नव्वद टक्के जुळलं तरी पुरतं. माझ्या अनुभवात लोकांना हा पर्याय सुचतच नाही, आणि सुचवला की ‘एवढंच?’ असं तोंड करतात.

ज्यांची दारं अजून सुताराकडेच आहेत, त्यांचं काम तुमच्यापेक्षा सोपं आहे. त्यांच्यासाठी थोडं. बल्लारशाचं (चंद्रपूर जिल्ह्यातलं) सागवान आणि आफ्रिकेतून किंवा दक्षिण अमेरिकेतून येणारं लागवडीचं सागवान तळाच्या रंगातच वेगळं असतं, तेव्हा जुन्या दाराची कड सुताराला दाखवूनच लाकूड निवडा. पांढरी सॅपची (खोडाच्या बाहेरच्या फिक्या लाकडाची) पट्टी उभ्या फळीत येऊ देऊ नका. आलीच तर मुख्य शेड मारण्याआधी बारीक ब्रशने तेवढ्याच पट्टीला सोनेरी डाय देऊन ती बाकीच्या लाकडाला मिळवून घ्यावी लागते. तयार दारं पॉलिशविना दोन-तीन आठवडे घरात उजेडाला ठेवा, उन्हात नाही, आणि बाजू बदलत राहा. हिरवटपणा तेवढ्यात निघून जातो. घासताना आठही दिशांना मशीन फिरवून १२० नंबरच्या पेपरवर थांबणारा पॉलिशवाला असेल तर शेड मारल्यावर गोल ओरखडे काळे उठतील. १८० किंवा २२०पर्यंत, शेवटचा हात रेषेच्या दिशेने हाताने, आणि सगळ्या दारांना एकाच नंबरवर थांबायचं; जास्त गुळगुळीत लाकूड रंग कमी पितं. सांध्यांवर फेविकॉलचा पुसलेला डाग कोरडा झाल्यावर दिसत नाही, शेड मारली की पांढरा नकाशा होऊन वर येतो. थिनरचं फडकं फिरवलं की तो आधीच ओळखू येतो, तेव्हाच घासून काढा. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना आधी पातळ चपडीचा हात द्या, लिटरभर स्पिरिटला १०० ग्रॅम पुरे, नाहीतर ती टोकं रंग पिऊन काळी पडतात. चपडी काचेच्या बरणीत रात्रभर भिजवायची, लोखंडी डब्यात काळवंडते. आणि वर पीयू मारायचं असेल तर मेण काढलेलीच चपडी हवी, नाहीतर पीयू धरत नाही.

व्हिडिओंमध्ये स्टीलवूल व्हिनेगरमध्ये भिजवून लाकूड जुनं करतात, कुणी पोटॅशियम परमँगनेट लावतं. पहिल्याने लोखंड आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) यांची गाठ पडून करडा-काळा रंग येतो आणि सागवानावर तो कुठे किती येईल याचा भरवसा नाही. दुसरं छान तपकिरी होतं आणि उजेडात उडून जातं. चौरंगाला करून बघा, दाराला नको.

वेळेबद्दल. पावसाळ्यात हे काम काढू नका. हवेत ओल असली की लाख असो की लॅकर, वाळताना पांढरट पडतं, आणि त्या पांढऱ्यावर रंग जुळलाय की नाही हेच कळत नाही. दसऱ्यानंतर बोलवा. दारं उतरवून बाहेर किंवा गच्चीत सावलीला फवारा. मेलामाइनचा वास डोळ्यांना झोंबतो, लहान मुलं असतील तर दारं परत बसवल्यावर दोन-तीन दिवस नव्या खोलीत झोपू नका.

बाथरूमच्या दाराची आतली बाजू जुन्या दारांशेजारी कधीच दिसत नाही, त्यामुळे तिच्या शेडवर पैसे घालवू नका. तिथे पाणी महत्त्वाचं. दार उतरवलंच आहे तर खालची कड उलटी करून बघा. बहुतेक पॉलिशवाले ती कोरडी सोडतात. फवारणीआधी तिला सीलरचे (पाणी मुरू न देणाऱ्या अस्तराचे) तीन हात द्या आणि ते तुमच्या समोर मारून घ्या.